कुठलं पातं लावू

देवजीच्या शेडमध्ये भिंतीला तीन पाती टांगलेली असतात. चारोटीहून कासाकडे जाताना टायरवाल्याच्या मागे ही पत्र्याची शेड आहे. आत लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध फट, फटीतून अर्धं वर आलेलं गोल पातं आणि खाली मोटर. लाकूड पुढे ढकलायचं, पातं ते कापतं. गिऱ्हाइकाला पात्यातलं काही कळत नाही, कळायची गरजही नसते. पण जुन्या घराचं लाकूड आलं की गिऱ्हाईक टेबलाकडे बघत नाही, भिंतीकडे बघतं. देवजीचा हात कुठल्या पात्याकडे जातो, तिकडे सगळ्यांचे डोळे.

पहिलं पातं बारीक दातांचं. प्लायवूडला, नाहीतर लाकूड आडवं कापायला. दुसरं मोठ्या दातांचं. दात थोडे, दोन दातांमधली जागा रुंद. उभी चीर काढताना भुसा त्या जागेतून बाहेर पडतो आणि लाकूड जळत नाही. या दोन्ही पात्यांच्या दातांना टोकाशी कार्बाइडचे तुकडे डकवलेले असतात. त्यांची धार लवकर जात नाही, कापही गुळगुळीत येतो. पण मध्ये लोखंड आलं तर तुकडा उडतो, आणि तो पत्र्यात घुसेल की माणसात, ते कोणी सांगू शकत नाही.

तिसरं पातं साधं पोलादी. दात कानशीने घासायचे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे वाकवायचा. त्याची चीर खडबडीत येते, नंतर रंधा मारून मारून खांदे भरून येतात. पण खिळा लागला तर दात फार तर बोथट होतो. परत कानस घ्यायची, घासायचं.

कोणी शहाणा म्हणेल, मग जुन्या लाकडाला साधंच पातं लावा, विषय संपला. त्या शहाण्याला इकडची घरं माहीत नाहीत.

इकडे काही घरांत बाई पोटुशी असताना किंवा बाळंतपणात मेली की भगताला बोलावतात. तो घराच्या मधल्या मेढीत, म्हणजे छप्पर ज्या खांबावर असतं त्यात, खिळा ठोकतो. अशी बाई पोरासाठी परत येते म्हणे. तिने येऊ नये म्हणून तिला तिथंच ठोकून ठेवायची. खिळ्याचं डोकं छिन्नीने उडवायचं, भोक बुजवायचं, वरून गेरू फासायचा. मग त्या खिळ्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नाही. बाई जिवंत होती, कळा देत होती, तेव्हा जीप का बोलावली नाही, याबद्दलही कोणी तोंड उघडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच भोकात बुजवलेल्या असतात.

म्हणून देवजीने साधं पातं उचललं, तर त्याचा अर्थ सरळ होता. तुमच्या घरात खिळा आहे असं मला वाटतं. खिळा आहे का, असं तोंडाने विचारणं त्याहून वाईट. लाकडावरून चुंबक फिरवणं म्हणजे तर थेट मारामारी. दुसरे मिस्त्री त्यामुळे गिऱ्हाइकाचा मान ठेवायचे, कार्बाइडचं पातं लावायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. देवजी ठेवत नसे. जुनं लाकूड दिसलं की काही न बोलता साधं पातं चढवायचा. लोक चिडायचे, एक-दोघे लाकूड परत घेऊन गेले. तो म्हणायचा, "माझी बोटं माझीच हायत. तुझ्या घराची अब्रू तू सांभाळ."

असा माणूस एकदाच भीड ठेवून वागला. ते त्याला भोवलं, आणि त्याला एकट्यालाच भोवलं असं नाही.

त्याची मुलगी संगिता डोंगराकडच्या पाड्यात दिली होती, नितीनला. पहिल्याच बाळंतपणात गेली. कळा सुरू झाल्यावर सासू हिराबाईने भगत बसवला. कोंबडा झाला, तांदूळ बघून झाले. मग कोणाला तरी जीप आठवली. कासाच्या रस्त्याला लागल्यावर जीपमध्येच पोरगी जन्मली आणि जीपमध्येच संगिता गेली. पोरगी वाचली. तिचं नाव दक्षा. ती हिराबाईकडेच राहिली, कारण पोर बापाच्या घरचं असतं. देवजीला आणि त्याच्या बायकोला, भिकीला, ती दिसायची फक्त कासाच्या बाजारात. हिराबाई भाजी घ्यायला यायची, भिकी केळी घेऊन वाटेत उभी राहायची. पोरगी केळं घ्यायची आणि हिराबाईच्या लुगड्यामागे लपायची. आजी म्हणून ती भिकीला ओळखतच नव्हती.

आता नितीन दुसरं लग्न करत होता. तलासरीकडची मुलगी होती, जयश्री नावाची. एका बाजाराला तो स्वतःहून भिकीजवळ आला आणि म्हणाला, "मामी, लग्न झालं की दक्षाला तुमच्याकडे ठेवतो. नवी बाई येणार, तिला कशाला पहिलीच्या पोरीचा ताप."

भिकीने घरी येऊन हे देवजीला सांगितलं. नंतर ती काहीतरी शोधायला उठली आणि पेटीतून तिने संगिताची लहानपणची गोधडी काढली. ती धुतली, वाळत घातली. वाळल्यावर पुन्हा धुतली. देवजीने विचारलं, "एकदा धुवून भागत नाय का?"

"वास येतो पेटीचा," भिकी म्हणाली. "पोर नको म्हणेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नितीन टेम्पो घेऊन शेडवर आला. टेम्पो दिपकचा होता. दिपक म्हणजे जयश्रीचा भाऊ. टेम्पोत सागाची मेढ होती, जुनी, चौकोनी, काळी पडलेली.

"मामा, घराची मधली मेढ आहे," नितीन म्हणाला. "पणज्याच्या वेळची. घर रस्त्यात गेलं, ही तेवढी काढून ठेवली. हिच्या फळ्या पाडा. पलंग करायचाय."

"कुणाला?"

नितीनने मान खाजवली. उत्तर दिपकने दिलं. "आमच्या जयश्रीला. नव्या स्लॅबच्या घरात जुनी खाट बरी दिसत नाही म्हणे जावयाला."

देवजीला कळत होतं. लाकूड कापायला तलासरीलाही मशीन होत्या. नितीन मेढ इथं घेऊन आला होता ते दिपकला दाखवायला, की बघा, पहिल्या बायकोचा बापसुद्धा माझ्याशी नीट आहे, त्याच्या मनात काही नाही. आणि दिपकही तेच बघायला आला होता. बहीण द्यायची म्हटल्यावर माणूस बघतोच.

तिघांनी मेढ उचलून टेबलाजवळ आणली. दिपक धापा टाकत म्हणाला, "मिस्त्री, ही मशीन चालते ना? आमच्या टेम्पोपेक्षा म्हातारी दिसते."

"चालते. फक्त मामलेदार आला की बंद पडते."

दिपक हसला. देवजी मेढीच्या टोकाशी वाकला. खालचं टोक ताजं कापलेलं होतं, हाताच्या करवतीने, वेडंवाकडं.

"खालून का कापलीस?"

"वाळवी होती," नितीन म्हणाला.

देवजीने कापावरून अंगठा फिरवला. लाकूड टणक, सोन्यासारखं. वाळवी जिथं पोचते तिथं मातीची बारीक रेघ ठेवून जाते. इथं रेघ नव्हती. खिळा बहुतेक मेढीच्या पायाशीच मारतात, हे देवजीला माहीत होतं, आणि नितीनलाही माहीत असणार. देवजी सरळ उभा राहिला आणि सवयीने त्याचा हात साध्या पात्याकडे गेला.

"ते कशाला मामा?" नितीन घाईने म्हणाला. "ते गंजकं. हे बारीक दातांचं लावा ना, चकचकीत येईल."

"बारीक दातांनी उभी चीर काढली तर लाकूड जळतं. तुला पलंग पायजे का कोळसा?"

"मग ते मोठ्या दातांचं."

देवजीचा हात साध्या पात्यावरच होता. दिपक भिंतीकडे बघत होता. तो सावकाश म्हणाला, "आमच्याकडचा एक मिस्त्री जुन्या लाकडाला साधंच लावतो."

"ज्याच्या घरात तसं काही असेल त्याला लावत असेल," नितीन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. मग त्याने आवाज खाली आणला. "मामांना आमचं घर माहीत आहे. त्यांची मुलगी नांदली तिथं. ते सांगतील ना तुम्हाला." आणि देवजीकडे वळून तो म्हणाला, "काल दक्षा विचारत होती. आजीकडे कधी जायचं म्हणून."

पोरगी असं काही विचारणं शक्य नव्हतं. तिला आजी कोण तेच माहीत नव्हतं. देवजीला हे कळलं, आणि कळूनही त्याच्या डोळ्यांसमोर ती दोनदा धुतलेली गोधडी आली. त्याने साध्या पात्यावरचा हात काढला आणि मोठ्या दातांचं कार्बाइडचं पातं भिंतीवरून काढून मशीनला चढवलं.

दिपकचे खांदे सैल झाले. नितीनने खिशातून तंबाखूची पुडी काढून त्याच्यापुढे धरली.

मेढ जाड होती. पातं एका दमात आरपार जाणार नव्हतं. आधी एका बाजूने अर्धी चीर काढायची, मग मेढ उलटवून दुसऱ्या बाजूने उरलेली. पहिली बाजू लोण्यासारखी गेली. सागाचा तो कडवट वास शेडभर पसरला. नितीन दिपकला मोठ्याने सांगत होता, बघ, किती गुळगुळीत. देवजीने मेढ उलटवली, पट्टीला टेकवली आणि पुढे ढकलली.

अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर आवाज बदलला. मोटर गुरगुरली, मग टण्ण झालं आणि ठिणगी उडाली. देवजीच्या जबड्याला काहीतरी चाटून मागे पत्र्यात घुसलं. त्याने पायाने बटण दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं. एक दात गेला होता, त्याच्या शेजारचाही.

देवजीच्या गळ्यावरून रक्त उतरत होतं. त्याने गळ्यातलं फडकं जबड्याला दाबलं. दिपकने मेढ स्वतः मागे ओढली आणि चिरेत वाकून बघितलं.

"खिळा आहे," तो म्हणाला.

नितीनचं तोंड उतरलं होतं. तो नाटक करत नव्हता. खिळा ठोकताना नवऱ्याने बघायचं नसतं, त्याला बाहेर घालवतात. खिळा पायाशी असतो असं त्याने ऐकलेलं, म्हणून त्याने मेढीचा पाय कापून टाकला आणि त्याला वाटलं, संपलं. भगताने छातीच्या उंचीवर ठोकला असेल, हे त्याला कुठून कळणार. ते हिराबाईला माहीत होतं, आणि मेढ कुठं नेतोस असं तिने विचारलं तेव्हा याने सांगितलं नव्हतं.

"जुना असेल," नितीन म्हणाला. "घर पणज्याचं. तेव्हा कोणी गेली असेल. आम्हाला काय माहीत."

"आम्हाला तर तुम्ही सांगितलं, घरात तसलं काही नाही. कधीच नाही. पहिली तापाने गेली."

देवजीने मान वर केली. तापाने. हे त्याला नवीन होतं.

"जुनं असेल रे," नितीन पुन्हा म्हणाला. "शंभर वर्षांचं लाकूड आहे."

दिपक देवजीकडे वळला. "मिस्त्री, तुमचा धंदा आहे. तुम्हाला बघून कळत असेल. जुना का नवा?"

देवजी वाकला. त्याला बघायची गरज होती असं नाही, पण त्याने बघितलं. सागात लोखंड राहिलं की लाकूड काळं पडतं. खिळा आजोबा-पणजोबांच्या वेळचा असेल तर तो काळेपणा बोटभर पसरलेला असतो, रेषेरेषेने वरखाली गेलेला, आणि खिळा गंजून फुगलेला असतो. हा खिळा पात्याने कापला होता तिथं चमकत होता. भोवतीचा काळेपणा नखाच्या कडेएवढा. आणि वर जिथं भोक बुजवलं होतं तिथं पांढरा गोंद होता, दुकानातला, डब्यातला. पणज्याच्या वेळी असला गोंद नव्हता.

ही त्याची संगिता होती. तिला तिथं छातीच्या उंचीवर ठोकलेली, स्वतःच्या पोरीजवळ येऊ नये म्हणून. आणि तिच्याच लाकडावर आता दुसरी मुलगी झोपणार होती.

त्याला एक शब्द बोलायचा होता. नवा म्हटलं तर लग्न इथंच मोडलं असतं, जयश्री वाचली असती, आणि नितीनने दक्षाचं तोंडसुद्धा पुन्हा दाखवलं नसतं. जुना म्हटलं तर दक्षा घरी आली असती. नितीन त्याच्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात हाच सौदा होता.

"जुना हाय," देवजी म्हणाला.

"नक्की?"

"मी काय सुतारकी आज शिकलो का?"

दिपकने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग मान हलवली. "तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर झालं. तुमचीच लेक होती त्या घरात."

त्यानंतर देवजीने साधं पातं चढवलं. आता कोणी हरकत घेतली नाही. खिळा होता तेवढा तुकडा त्याने आडवा कापून बाजूला काढला, बाकीच्या मेढीच्या फळ्या पाडल्या. नितीनने तो तुकडा गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवला. जाताना त्याने देवजीचा हात धरला. "मामा, तुमचे उपकार." देवजीने हात सोडवून घेतला. म्हणाला, "पोरगी पाठव."

घरी भिकीने जबड्यावर हळद दाबली. कसं लागलं, तिने विचारलं. दात उडाला, तो म्हणाला. खिळ्याचं त्याने सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला हिराबाई एकटीच आली. भिकी नेहमीच्या जागी केळी घेऊन उभी होती. दक्षा कुठं, तिने विचारलं. हिराबाईने आधी इकडेतिकडे बघितलं.

"पोरगी नाय आणली. आणि पाठवणार पण नाय. तू वाट बघू नको."

"नितीनने शब्द दिला."

"त्याला काय कळतं? तुझ्या नवऱ्याने खिळा तोडला, तुकडा घरी आला तेव्हा कळलं. भगताला विचारलं मी. ती सुटली. जिथं तोडला तिथंच सुटली, तुमच्या शेडमधे. आता ती तुमच्याकडेच हाय. पोर तिकडं पाठवली तर घेऊन जाईल ती."

भिकीला समजायला वेळ लागला. "कोण सुटली?"

हिराबाईने हातातली पिशवी सावरली. तिला वाटलं होतं देवजीने सांगितलं असेल.

"माझ्या लेकीला खिळा मारलात?" भिकीने विचारलं.

"सगळेच मारतात. तुझ्या सासूने मारला नसेल कोणाला?" हिराबाई म्हणाली आणि मिरच्यांच्या ढिगाकडे गेली. जाताना ती मागे वळून बघत होती. भीत होती. संगिता भिकीच्या मागोमाग बाजारात आली असेल, असं तिला खरंच वाटत होतं. तिच्या भीतीत खोटं काही नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, खोट्याशी भांडता येतं.

भिकी शेडवर आली. केळी तिने टेबलावर ठेवली. देवजी कानस घेऊन पात्याचे दात घासत होता.

"तुला माहीत होतं?"

देवजीने कानस थांबवली. "त्या दिवशी कळलं. कापताना."

"आणि त्यांनी विचारलं नाय, कुणाचा म्हणून?"

"विचारलं. जुना हाय म्हटलं."

"का?"

"दक्षासाठी."

"मग कुठं हाय दक्षा?"

देवजीने कानस टेबलावर ठेवली. भिकी तिथंच भुशावर बसली. बराच वेळ ती शेडच्या कोपऱ्यांत बघत राहिली, एकेका कोपऱ्यात, नीट.

"इथं सुटली म्हणतात," ती म्हणाली. "मग आपल्याला दिसत कशी नाय? आईला दिसायला काय हरकत होती तिला?"

दुसऱ्या दिवशी देवजी तलासरीला गेला. चारोटीला जीप भरेपर्यंत उभा राहिला. जीपमध्ये एकजण काहीतरी विचारत होता, देवजी ऐकत नव्हता. आता सगळं खरं सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ते खरं आता कशासाठी सांगायचं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर परत फिरला असता.

दिपकच्या घरी लग्नाची गडबड होती. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. दिपकची आई शुक्री बायकांबरोबर तांदूळ निवडत होती. जयश्री ओट्यावर होती, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. दिपकने खुर्ची दिली, पाणी दिलं. देवजी पाणी प्यायला नाही.

"तो खिळा नवा होता," तो म्हणाला. "माझ्या लेकीचा. ती तापाने नाय गेली. बाळंतपणात गेली. भगत बसवून ठेवला, जीप उशिरा आली."

तांदळाच्या सुपांचा आवाज थांबला. दिपकने दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"त्या दिवशी तुम्हाला विचारलं तेव्हा जुना होता."

"तेव्हा खोटं बोललो."

"का बोललात?"

"नात देणार होते माझ्याकडे."

"दिली का?"

"नाय."

दिपक खुर्चीत मागे टेकला. हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "म्हणजे पोरगी मिळणार होती तेव्हा खिळा जुना. पोरगी मिळाली नाही तर खिळा नवा. काका, उद्या त्यांनी पोरगी दिली तर पुन्हा जुना होणार का?"

"मेढीचा तो तुकडा बघा. गोंद लावलाय पांढरा."

"तो तुकडा त्यांच्याकडे. आणि आता तुमच्या शब्दावर मी लग्न मोडू? पत्रिका वाटल्या, मांडवाचे बांबू आले. तुमच्या शब्दावर एकदा हो म्हणालो, तेच पुष्कळ झालं."

देवजी म्हणाला, "मी खरं सांगतोय." त्याला स्वतःलाच ते वाक्य पोकळ वाटलं. खऱ्याची एक वेळ असते. ती त्याने शेडमध्ये विकली होती.

जयश्री ओट्यावरून बोलली. "काका, ती पोरगी रात्री कुणाजवळ झोपते?"

देवजीने तिच्याकडे बघितलं. त्याला माहीत नव्हतं. पोरीला कुठली भाजी आवडते, ती घाबरते कशाला, रात्री कुणाजवळ झोपते, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"माहीत नाय," तो म्हणाला.

जयश्री आत गेली. दिपक उठला आणि बांबू बघायला लागला. म्हणजे आता निघा.

रस्त्यापर्यंत शुक्री त्याच्याबरोबर आली. पाहुण्याला एकटं पाठवायचं नसतं म्हणून आली, असं त्याला वाटलं. जीप यायची होती. दोघं चिंचेच्या झाडाखाली उभी राहिली. समोरून कंपन्यांचे ट्रक जात होते, एकामागे एक, आणि धूळ दोघांच्या अंगावर येत होती.

"दिपकला पटलं नाय," शुक्री म्हणाली. "मला पटलं."

"मग तू मोड."

"मोडते. तू सांग, मोडू?" तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली. "पण आधी माझं ऐक. मोडलं तर तुझी नात हिराबाईजवळ राहील. आणि हिराबाई त्या पोरीला भीत असणार. आईला खिळा मारलाय तिने, पोर बघितली की तेच आठवत असणार तिला. मारत नसेल, पण जवळ घेत पण नसेल. खरं का?"

देवजीला लुगड्यामागे लपणारी पोरगी आठवली. ती लपायची, पण हिराबाईचा हात कधी तिच्या डोक्यावर पडलेला त्याने बघितला नव्हता.

"माझी लेक गेली तर पोरीला जवळ घेईल," शुक्री म्हणाली. "तू ऐकलंस ना काय विचारलं तिने. तशी हाय ती. पण मग तिला दिवस जातील, तोच भगत येईल, तीच हिराबाई असेल. म्हणून तुला विचारते. मुलीचा बाप होतास तू, तुझं झालंय भोगून. लग्न होऊ दे का मोडू?"

जीप आली. आधीच भरलेली होती, मागे दोघं लोंबकळत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. देवजीने दांडी धरली, एक पाय वर ठेवला. त्याला काही बोलायचं नव्हतं, पण शुक्री हलत नव्हती.

"होऊ दे," तो म्हणाला.

शुक्रीने मान डोलावली, जणू तिने हेच ऐकायचं ठरवलं होतं.

"बाप हायस," ती म्हणाली. "पण फक्त तुझ्या पोरीचा."

ड्रायव्हरने जीप सोडली. शुक्री अंगणाकडे परतली. तांदूळ निवडायचे राहिले होते, आणि संध्याकाळी बायका हळद दळायला येणार होत्या.